तापाच्या डब्यात काय टिकलं, काय बाहेर गेलं

आमच्या घरात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यात लेकरांची औषधं असतात. गेल्या वर्षभरात या डब्यात मी जे जे विकत आणून ठेवलं आणि जे जे काढून टाकलं, त्याचा हा अनुभव. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. कुठली घ्यायची यापेक्षा कशी वापरायची, हेच मला उशिरा कळलं.

मी सोलापुरात नीलम नगरमध्ये राहते, शाळेचे युनिफॉर्म शिवते. सोलापूरचा युनिफॉर्म कुठे कुठे जातो हे तुम्हाला माहीत असेल. मार्च ते जून आमच्या गल्लीत मशीन थांबत नाही. शाळा सुरू होते, आमचं काम जरा हलकं होतं आणि तेव्हाच लेकरं एकेक करून पडायला लागतात. समर्थ सात वर्षांचा आहे. आर्वी मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नुकती दोन वर्षांची झाली होती. सुरुवात तिच्यापासूनच झाली.

एप्रिलच्या दुपारी आमच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. आर्वीला सकाळी दोन उलट्या झाल्या आणि दुपारपर्यंत पाच वेळा पाण्यासारखी संडास. आमचे हे धावत मेडिकलला गेले, ‘ओआरएस द्या’ (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) म्हणाले आणि संत्र्याच्या चवीचे दोन तयार खोके घेऊन आले, नळी लावून प्यायचे. आर्वीने आवडीने प्यायलं. मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत जुलाब वाढले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तो खोका मागितला, उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. साखर भरपूर, मीठ नावाला. ‘ताई, हे सरबत आहे. जास्त साखर आतड्यात गेली की ती शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढते. जुलाब थांबायचे सोडून वाढतात.’ मग त्यांनी टेबलाच्या खणातून साध्या पावडरीचं पाकीट काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं. १ लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम. हे आकडे मी तेव्हाच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले. शर्टाच्या मापात अर्धा इंच चुकला तर कॉलर बसत नाही, हे मला रोज दिसतं. औषधाच्या पाण्याचंही मापच असतं, हे मात्र त्या दिवशी कळलं.

हे पाकीट माझ्या डब्यातली पहिल्या नंबरची वस्तू आहे. वीस-पंचवीस रुपयांना मिळतं, आशाताईंकडे फुकट मिळतं. वापरण्यात मात्र बायका एक चूक हमखास करतात आणि मीही केली असती: पाकीट अर्धं फोडायचं, पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकायचं, उरलेलं चिमटा लावून ठेवायचं. तसं करायचं नाही. मोठं पाकीट पूर्ण, आणि पाणी उकळून गार केलेलं बरोबर १ लिटर. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, त्यावर लिहिलेलं वाचायचं. एकदा कालवलं की २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. साखर, फळांचा रस, काहीही वरून घालायचं नाही.

चव वाईट आहे. मी स्वतः पिऊन बघितलं, खारट-गोड, कोमट अश्रूंसारखं. आर्वीने पहिला पेला ढकलून दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेल्याने नको, चमच्याने द्या, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, पण आणखी हळू. रात्री साडेआठ ते साडेअकरा मी तिला मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पाजलं. प्रत्येक संडासनंतर अर्धा ते एक पेला, म्हणजे १०० ते २०० मिली, हे दोन वर्षांपुढच्या लेकराचं प्रमाण. दोन वर्षांखालच्याला त्याच्या निम्मं. पहाटे तिने मांडीवर लघवी केली. इतका आनंद मला फार थोड्या गोष्टींनी झाला आहे. कारण डॉक्टर म्हणाले होते, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लेकरू सुस्त पडलं किंवा संडासमध्ये रक्त दिसलं, तर एक मिनिट थांबू नका, सलाइन लागेल.

त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर एक जुनं कात्रण काचेत लावलंय. १९७१ सालच्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपांत भरून लोकांना प्यायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांना पद्मविभूषण मिळालं. नंबर यायची वाट बघताना मी ते तीनदा वाचलं. आपल्याकडची एवढी मोठी गोष्ट, आणि आपण मेडिकलमध्ये संत्र्याचं सरबत मागून घेतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की अशा पेयांवर आता ओआरएस हा शब्द छापता येणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. बातमी वाचली तेव्हा मला एप्रिलचा तो खोका आठवला. तरीही सांगते, पाकीट उलटं करून वाचायची सवय सोडू नका.

पाकिटाबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांपुढच्या लेकराला रोज २० मिलीग्रॅम, सहा महिन्यांच्या आतल्याला १०, आणि १४ दिवस. चमचाभर पाण्यात गोळी विरघळते. जुलाब तीन दिवसांत थांबले आणि अत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, आता कशाला गोळी? पण झिंकने आतडं भरून येतं आणि पुढचे काही महिने जुलाब परत होण्याची शक्यता कमी होते, म्हणून पूर्ण १४ दिवस दिल्या. तोंडात लोखंडासारखी चव राहते, आर्वी तोंड वाकडं करायची. नंतर भाताची पेज देऊन निभावलं.

आता थर्मामीटर. करोनात घेतलेलं कपाळावर धरायचं पिस्तूल आमच्याकडे होतं, बाराशे रुपयांचं. जुलैत समर्थ तापला. पिस्तूल ९८ दाखवत होतं आणि माझ्या हाताला पोर भाजत होतं. तो पंख्याखाली घामेजून झोपला होता, कपाळ गार. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दीडशे रुपयांचं साधं डिजिटल आणलं, काख टॉवेलने कोरडी केली, टोक नीट आत धरलं, टिटी वाजेपर्यंत हात दाबून ठेवला. १०१.८ निघाला. पिस्तूल त्याच दिवशी माळ्यावर गेलं. काचेचं पाऱ्याचं मी घरात ठेवत नाही, फुटलं तर लेकरं पाऱ्याशी खेळतात.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा जरा कमी येतो. त्यात आपण स्वतः काही मिळवायचं नाही, डॉक्टरांना जसा आहे तसा सांगायचा आणि ‘काखेतला’ म्हणायचं. १००.४ च्या पुढे गेला की ताप. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर घरात काहीच करत बसायचं नाही, थेट दवाखाना. मोठ्या लेकराचं मात्र आकड्यापेक्षा त्याच्याकडे बघा, असं डॉक्टर सांगतात. १०१ असून खेळतंय, पाणी पितंय, तर औषधाची घाई नाही. १०० असून मान टाकून पडलंय, तर घाई आहे.

समर्थचा तो ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि हाताच्या तळव्यावर, तळपायावर, तोंडात फोड आले. शाळेच्या ग्रुपवर बघते तर त्याच्या वर्गातल्या सहा जणांना तेच. हात-पाय-तोंडाचा आजार. पावसाळ्यात दरवर्षी येतो, विषाणूमुळे होतो, सात ते दहा दिवसांत आपोआप जातो, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. अंगाच्या फोडांसाठी कॅलामाइन आणलं. खाज थोडी कमी झाली, त्यापलीकडे काही नाही. डब्यात ठेवलंय, पण पाचपैकी दोनच गुण देईन. खरा त्रास तोंडातल्या फोडांचा. पोरगं थुंकीसुद्धा गिळेना. तिखट, गरम, आंबट सगळं बंद, आणि आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय जेवण नाही. थंड दूधभात आणि ताजं गोड दही यावर आठवडा काढला. महिन्याभराने त्याच्या बोटांची दोन नखं सुटून आली. मी रडले. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं कधी कधी, नवीन नख येतं. आलं.

त्या आठवड्यात त्याला शाळेत पाठवलं नाही. पूर्ण हजेरीचं बक्षीस जाईल म्हणून तो रुसला होता. हजेरीचं बक्षीस पहिलीच्या लेकरांना ठेवूच नये, असं माझं मत आहे. त्यापायी तापलेलं पोर औषध पाजून वर्गात बसवतात आणि चार दिवसांनी अख्खा बाक आजारी पडतो.

पॅरासिटामॉलबद्दल सगळ्यात सावकाश वाचा. आमच्या घरात याच्या दोन बाटल्या असतात. कंपनी तीच, रंग तोच, चित्र तेच. आर्वीच्या बाटलीत ५ मिलीत १२० मिलीग्रॅम, समर्थच्या बाटलीत ५ मिलीत २५०. प्रमाण वजनावर असतं, एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. आर्वी तेव्हा ११ किलोची होती, तिला १२० च्या बाटलीतून ६ मिली लिहून दिलं होतं. ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजता ती तापली. मी ओली पट्टी शोधत होते आणि ह्यांनी झोपेत समर्थची बाटली उचलून ६ मिली भरलं. तोंडाजवळ नेलं तेव्हा माझं लक्ष बाटलीच्या आकड्यावर गेलं. ते १४४ च्या जागी ३०० मिलीग्रॅम झालं असतं, दुपटीहून जास्त. याच औषधाचं प्रमाण असं वारंवार वाढलं तर लिव्हर खराब होतं. ह्यांची चूक मी मानत नाही. दोन बाटल्या इतक्या सारख्या बनवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

सकाळी मी आर्वीच्या बाटलीच्या मानेला लाल दोरा गुंडाळला, समर्थच्या बाटलीला निळा. कॉलरवर साइजची खूण करते तसाच. तेव्हापासून मेडिकलमध्ये कागद दाखवताना ‘१२० ची’ असं तोंडाने सांगते. बाळांसाठी थेंबांची बाटली येते ती आणखी कडक, १ मिलीत १०० मिलीग्रॅम, ती चमच्याने कधीच द्यायची नाही.

चमच्याचंही बघितलं. सुई नसलेली १० मिलीची पिचकारी पाच रुपयांना आणली आणि घरातले चमचे मोजले. चहाचा चमचा साडेतीन मिली, शिऱ्याचा नऊ. म्हणजे ‘एक चमचा औषध’ या बोलण्याला काही अर्थच नाही. पिचकारी गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडली की लेकरू थुंकत नाही. पाच रुपयांची ती पिचकारी मी ओआरएसच्या पाकिटाच्या जोडीला ठेवते. एका डोसनंतर दुसरा डोस चार तासांच्या आत नाही, आणि दिवसरात्र मिळून चारच्या वर नाही, हे डब्याच्या झाकणावर लिहिलंय.

सप्टेंबरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले आणि त्याच आठवड्यात समर्थला पुन्हा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं. आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. उजनी धरणात पाणी असलं तरी आमच्या दारात चार पिंपं भरलेली असतातच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणजे पिंप पूर्ण रिकामं न करता वरूनच भरत राहिलं, तर ते घासलं जाण्याआधीच तो उडून जातो. कॉइल आणि लिक्विड दोन्ही वापरली. कॉइलच्या धुराने आर्वी खोकत होती, ती बंद केली. लिक्विड आम्ही रात्री लावायचो, आणि हा डास चावतो दिवसा. शेवटी उपयोगी पडली ती आमची जुनी सोलापुरी चादर. दाट विणीची आहे. तिचे चार तुकडे केले, कडेला नाडी शिवली आणि पिंपावर ताणून बांधले. सैल राहिलं तर मधे झोळ पडून त्यातच पाणी साचतं, म्हणून नाडी हवीच. शेजारच्या अक्काने बघितलं, तिलाही सहा शिवून दिले. आता पाणी आलं की आधी पिंप आतून घासणीने घासतो, मगच भरतो. अंडी आतल्या भिंतीला चिकटलेली असतात.

समर्थची तपासणी निगेटिव्ह आली. पण रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी पॅरासिटामॉलशिवाय तापाचं दुसरं काहीच द्यायचं नाही, असं ठणकावून सांगितलं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही ‘जोरात ताप उतरवणारी’ औषधं डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. ॲस्पिरिन तर लेकरांना कुठल्याच तापात नाही. आणखी एक मला माहीत नव्हतं: डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस खरे जपायचे. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी दवाखाना.

खोकल्याच्या बाटल्यांवर मी जास्त लिहिणार नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं विषारी सिरपने गेली, ती बातमी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनी वाचली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं, की सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या लेकरांना देऊ नका, पाच वर्षांखालीही शक्यतो नको. माझ्या डब्यात तीन अर्धवट बाटल्या होत्या. मी त्या मोरीत ओतताना अत्याबाई गप्प बघत होत्या, मग स्वतःच्या ट्रंकेतली चौथी आणून दिली. आता रात्रीच्या खोकल्याला अर्धा चमचा मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचाही नाही, त्यातून होणारा आजार जिवावर बेततो. बंद नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, जेवणाआधी आणि झोपताना दोन-दोन. हे चांगले आहेत, महिना पुरतात.

वाफेचं मशीन घेऊ नका. आमच्या जावेच्या मुलाच्या मांडीवर त्यातलं पाणी सांडलं, डाग अजून आहे. सर्दी दोन्ही लेकरांची सात-आठ दिवसांतच गेली, वाफ घेतलेल्याचीही आणि न घेतलेल्याचीही.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो. आर्वी ह्यांच्या खांद्यावर, नंदीध्वज बघून टाळ्या वाजवत होती. गर्दी, धूळ, थंडी. चौथ्या दिवशी खोकला, पाचव्या रात्री छाती घरघरायला लागली. गल्लीतल्या एकीने लगेच तिचं नेब्युलायझर (श्वासातून औषध द्यायचं मशीन) आणि तिच्या मुलाचं औषध आणून दिलं. मनाने चांगली आहे ती, पण दुसऱ्याच्या लेकराचं औषध मी घालणार नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून मी आर्वीचा फ्रॉक वर केला आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजली. ४८. एक ते पाच वर्षांच्या लेकरात ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५०, आणि दोन महिन्यांच्या आत ६०. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. रात्री पावणेबाराला रिक्षा करून गेलो. त्यांनी बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघितला, वाफेतून औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. नर्सताईंनी विचारलं, मिनिटाला किती हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी सांगितलं, इथल्याच भिंतीवर लिहिलंय.

सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ डब्यात मावत नाही. पण या यादीत ते आहेच.

आता मार्च जवळ आला, कटिंगचे गठ्ठे येऊन पडलेत. डबा काल रिकामा करून पुसला. आत ओआरएसची चार पाकिटं, झिंकची एक पट्टी, डिजिटल थर्मामीटर, लाल आणि निळ्या दोऱ्याच्या दोन बाटल्या, पिचकारी, नाकाचे थेंब, कॅलामाइन. झाकणाच्या आत दोघांचं वजन आणि औषधाचं माप लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. आर्वी आता साडेबारा किलोची झाली. डॉक्टरांकडून नवीन माप लिहून आणलं आणि जुना कागद खरवडून काढला.